सहिष्णुतेचा स्वर आणि त्याची किंमत

‘सहिष्णुता’ हा सांप्रतच्या काळातील सर्वांत स्वस्त शब्द झाला आहे. सभागृह मिळाले, व्यासपीठावर चार धर्मांचे चार प्रतिनिधी बसले, प्रत्येकाने आपला धर्म शांतीचाच कसा आहे हे पंधरा मिनिटांत सांगितले आणि शेवटी आभारप्रदर्शन झाले की सहिष्णुता प्रस्थापित झाली, असे मानण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. अशा परिसंवादांत इंडोनेशियाचे नाव हमखास निघते. सत्तावीस कोटींहून अधिक लोकसंख्या, तीत सुमारे ८७ टक्के मुसलमान, आणि तरीही राज्याचा धर्म इस्लाम नाही. राज्याचा पाया पंचशील तत्त्वांचा! मग आणखी काय हवे, असा विजयी प्रश्न वक्ता विचारतो आणि टाळ्या पडतात.

टाळ्या वाजविणाऱ्यांत केवळ सेक्युलर विचारवंतच असतात असे समजण्याचे कारण नाही. आपणही त्यात मागे नसतो. प्रंबानन मंदिराच्या पार्श्वभूमीवर मुसलमान कलावंत रामायण सादर करतात, त्या देशाचे राजचिन्ह गरुड आहे, १९९८ साली निघालेल्या वीस हजार रुपियांच्या नोटेवर गणपती होता, ही उदाहरणे आपल्याला तोंडपाठ आहेत. ती खोटी नाहीत. परंतु ती नोट २००८ अखेरीस चलनातून गेली, हे मात्र आपण सांगत नाही. नोटा बदलतच असतात, त्यामुळे त्यातून मोठा निष्कर्ष काढण्याचेही कारण नाही. मुद्दा इतकाच की, एखाद्या समाजाची सहिष्णुता नोटेवरच्या चित्रावरून कळत नाही आणि परिसंवादातील भाषणावरून तर मुळीच कळत नाही. ती कळते ध्वनिक्षेपकासमोर बसून जो माणूस आपल्याच धर्मबांधवांना सहिष्णुतेचे चार शब्द ऐकवतो, त्याचे पुढे काय होते यावरून. तो सुखरूप घरी पोहोचतो काय? त्याच्यावर कोणी धावून गेले तर कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो? या दोन प्रश्नांखेरीज तिसरी कसोटी या विषयाला नाही.

ही कसोटी लावून पाहण्यासाठी इंडोनेशियाइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. कारण रेडिओ आणि इंटरनेट यांची सांगड घालून इस्लामी सहिष्णुतेचा प्रचार करण्याचा एक मोठा आणि प्रामाणिक प्रयत्न याच देशात झाला. आणि त्याच साधनांनी अगदी उलट दिशेचा प्रचारही याच देशात झाला.

उतान कायूचा ध्वनिक्षेपक

जकार्ताच्या पूर्व भागात उतान कायू नावाचा रस्ता आहे. तेथील ६८ एच क्रमांकाच्या वास्तूला आधुनिक इंडोनेशियाच्या वैचारिक इतिहासात स्थान आहे. १९९४ साली सुहार्तो राजवटीने ‘तेम्पो’ या साप्ताहिकावर बंदी घातली, तेव्हा त्याचे संस्थापक-संपादक गुनावान मोहमद आणि त्यांचे सहकारी येथे एकत्र आले. सुहार्तो यांची सत्ता १९९८ मध्ये कोसळली आणि पुढच्याच वर्षी या वास्तूत ‘रेडिओ ६८ एच’ ही वृत्तसंस्था सुरू झाली. तिची कार्यपद्धती त्या काळात अभिनव होती. हजारो बेटांवर पसरलेल्या देशात स्वतःची प्रक्षेपण केंद्रे उभारण्याइतका पैसा या मंडळींकडे नव्हता. म्हणून जकार्तात ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून पाठवायचा आणि दूरदूरच्या लहान खासगी केंद्रांनी तो उतरवून घेऊन आपल्या श्रोत्यांना ऐकवायचा, असा मार्ग त्यांनी काढला. पुढे उपग्रहाची जोड मिळाली आणि केंद्रांची संख्या शेकड्यांत गेली. बेल्जियममधील ‘किंग बोदवाँ’ पुरस्कार या संस्थेस मिळाला तो या कामासाठीच.

२००१ साली याच आवारात काही तरुण मुस्लिम अभ्यासकांनी ‘उदारमतवादी इस्लाम जाळे’ नावाचा गट स्थापन केला. उलिल अबशार अब्दल्ला हे त्यांतील प्रमुख. दर आठवड्याला ६८ एचवरून धर्म आणि सहिष्णुता यांवर त्यांची चर्चा होत असे आणि देशभरातील केंद्रे ती पुनःप्रक्षेपित करीत. बहुपत्नीत्व, स्त्रियांचे हक्क, अन्य धर्मीयांचे स्थान, धर्मराज्याची कल्पना, असे कोणतेही विषय वर्ज्य नव्हते. श्रोता दूरध्वनी करून विरोधी मत मांडू शकत असे. विरोधकाला बोलू देणे हा सहिष्णुतेचा प्राण आहे, हे या मंडळींनी जाणले होते.

याच वास्तूतून, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद शनिवारी सकाळी गप्पांचा कार्यक्रम करीत. ‘गुस दुर’ या नावाने लोक त्यांना ओळखत. दृष्टी जवळपास गेलेली, प्रकृती खालावलेली. पण विनोद शाबूत. १९२६ साली स्थापन झालेल्या नहदलातुल उलामा या महाप्रचंड धर्मसंघटनेचे ते पंधरा वर्षे अध्यक्ष होते. चिनी वंशाच्या नागरिकांना आपले सण सार्वजनिकरीत्या साजरे करण्यास असलेली बंदी त्यांनीच २००० साली उठविली. अशा माणसाने ध्वनिक्षेपकासमोर बसून सामान्य श्रोत्याशी धर्माविषयी मोकळेपणाने बोलावे, ही गोष्ट लहान नव्हती.

शब्दाची किंमत

इथपर्यंतची कथा परिसंवादात सांगितली जाते. यापुढची सांगितली जात नाही.

नोव्हेंबर २००२ मध्ये उलिल यांनी ‘कोम्पास’ या दैनिकात इस्लामच्या आकलनाला नवी टवटवी आणण्याची गरज प्रतिपादणारा लेख लिहिला. त्याला दोन उत्तरे आली. पहिले उत्तर त्यांच्या सासऱ्यांचे. मुस्तफा बिश्री हे नहदलातुल उलामाचे आदरणीय धर्मपंडित आणि कवी. जावयाच्या मांडणीवर त्यांनी त्याच दैनिकात लेख लिहून टीका केली. दुसरे उत्तर बांडुंगमधील काही उलेमांच्या मंचाचे. इस्लामचा अवमान करणाऱ्यास मृत्युदंड विहित आहे, असे सांगणारे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले. लेखाला लेखाने उत्तर देणे हा एक इस्लाम आणि लेखाला मृत्युदंडाने उत्तर देणे हा दुसरा, असे चित्र त्या एका महिन्यात देशापुढे उभे राहिले. यांतला कोणता अधिकृत, हे ठरविण्याची वेळ आली तेव्हा काय झाले? जुलै २००५ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने फतवा काढून धार्मिक बहुविधतावाद, उदारमतवाद आणि सेक्युलॅरिझम हे तिन्ही इस्लामविरोधी ठरविले. त्याच अधिवेशनात अहमदिया पंथाला धर्मबाह्य ठरविणाऱ्या जुन्या फतव्याचाही पुनरुच्चार झाला.

फतवा हा कागद असतो, त्याने कोणी मरत नाही, असा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो. कागदाचे पुढे काय होते ते पाहा. १ जून २००८ रोजी, पंचशील जाहीर झाल्याच्या वर्धापनदिनी, जकार्तातील राष्ट्रीय स्मारकाजवळ धर्मस्वातंत्र्यासाठी जमलेल्या जमावावर इस्लाम रक्षक आघाडीच्या कार्यकर्त्यांनी बांबूंनी हल्ला केला. आघाडीच्या नेत्याला शिक्षा झाली हे खरे. पण हल्ल्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी सरकारने आदेश काढला तो अहमदियांनी आपल्या मतांचा प्रसार थांबवावा असा! मार खाणाऱ्यांची मागणी फेटाळून मारणाऱ्यांची मागणी मान्य करण्याचा हा प्रकार. त्याचे फळ ६ फेब्रुवारी २०११ रोजी बांतेन प्रांतातील चिकेउसिक गावात मिळाले. जमावाने तीन अहमदियांना पोलिसांच्या उपस्थितीत ठार केले. बारा आरोपींना तीन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि हल्ल्यातून जखमी होऊन वाचलेल्या एका अहमदियालाही सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. न्यायाचा तराजू समतोल राखल्याचे समाधान न्यायासनाला लाभले असावे!

त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता. १५ मार्च २०११ रोजी उतान कायूच्या पत्त्यावर उलिल यांच्या नावे एक जाडजूड पुस्तक टपालाने आले. पुस्तकात बाँब होता. तो निकामी करण्याच्या प्रयत्नात एका पोलीस अधिकाऱ्याचा डावा हात गेला. ज्या वास्तूतून आठवड्यामागून आठवडे सहिष्णुतेचे शब्द प्रसारित झाले, त्या वास्तूला मिळालेले हे उत्तर होते. आणि ते पुस्तकाच्या रूपात आले, यातील क्रूर उपरोध वेगळा सांगावयास नको.

दुसरा ध्वनिक्षेपक

या काळात दुसरीकडे काय घडत होते? जकार्ताजवळ बोगोर जिल्ह्यातील चिलेउंगसी येथे २००५ च्या सुमारास ‘रेडिओ रोजा’ सुरू झाला. हा सलफी विचारांचा रेडिओ. रेडिओ लहरींवरून आरंभ झाला, पाठोपाठ इंटरनेटवरून प्रक्षेपण आले, मग दूरचित्रवाणी. येथे न्याय्य असणे आवश्यक आहे. या केंद्रावरील धर्मोपदेशक दहशतवादाचा निषेध करतात, सरकारविरुद्ध बंड हराम मानतात. त्यांना बाँबवाल्यांच्या पंगतीत बसविणे असत्य ठरेल. परंतु मृतासाठी घरी सामूहिक प्रार्थना करणे, पैगंबरांची जयंती साजरी करणे, संतांच्या कबरींचे दर्शन घेणे, या जावातील कोट्यवधी मुसलमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रथा त्यांच्या दृष्टीने धर्मात घुसलेली पाखंडे आहेत. ही शिकवण दिवसरात्र कानांवर पडू लागली की शेजाऱ्याच्या घरच्या प्रार्थनेला जाणे बंद होते. आधी शेजारी मुसलमानच चुकीचा ठरतो. मग अहमदिया, शिया, ख्रिस्ती, हिंदू यांची गोष्ट निराळी काढावयास नको.

यापुढचे टोक सिंगापूरच्या समुद्रापलीकडे दिसले. बाताम बेटावरील ‘रेडिओ हांग’ सिंगापुरात सहज ऐकू येतो. ऑगस्ट २०१६ मध्ये सिंगापूरच्या गृहमंत्रालयाने काही नागरिकांवर कारवाई केली, तेव्हा त्यांच्यापैकी दोघांची कट्टरतेकडे वाटचाल या केंद्रावरील प्रवचने ऐकण्यापासून सुरू झाली, असे अधिकृतपणे नमूद केले. केंद्राच्या चालकांनी हा आरोप नाकारला. ते दोघे होते कोण? एक मोटारी धुणारा, दुसरा कचऱ्याची गाडी चालविणारा. हात कामात गुंतलेले आणि कान मोकळे, अशा कष्टकऱ्याचा रेडिओ हा दिवसभराचा सोबती असतो. ग्रंथ वाचायला सवड लागते, चित्र पाहायला डोळे लागतात; आवाजाला काहीच लागत नाही. उतान कायूची चर्चा आठवड्यातून एकदा, विद्वत्तापूर्ण आणि प्रश्न उपस्थित करणारी. दुसऱ्या बाजूची प्रवचने अहोरात्र, सोप्या भाषेत आणि तयार उत्तरे देणारी. स्पर्धा आरंभापासूनच विषम होती.

त्यात भर पडली नावांची. शांती, आशा, सन्मार्ग असली नावे धारण केली की काम निम्मे होते. याचा धडा घेण्यासाठी आपल्याला जकार्तास जाण्याची गरज नाही. मुंबईत १९९१ साली इस्लामिक रिसर्च फाउंडेशन स्थापन करणाऱ्या झाकीर नाईक यांनी २००६ मध्ये जी वाहिनी सुरू केली, तिचे नावच ‘पीस’ म्हणजे शांती असे ठेवले. भारत सरकारने नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या संस्थेवर बंदी घातली. ब्रिटनच्या प्रसारण नियंत्रकांनी २०२० मध्ये द्वेषमूलक आणि हत्येस चिथावणी देणाऱ्या प्रसारणाबद्दल ‘पीस’ वाहिन्यांच्या परवानाधारकांना एकूण तीन लाख पौंडांचा दंड ठोठावला. आणि या दोन घटनांच्या मध्ये, एप्रिल २०१७ मध्ये, हेच वक्ते इंडोनेशियातील विद्यापीठांत आणि क्रीडांगणात हजारोंच्या सभा घेत होते! पाटीवरील शब्द वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

दोन सोपी उत्तरे

या साऱ्यावर दोन सोपी उत्तरे तयार असतात. दोन्ही फसवी आहेत.

पहिले उत्तर : सरकारने बंदी घालावी. लहरींवरील केंद्राला परवाना लागतो, तो रद्द करता येतो. इंडोनेशियाचा २००२ चा प्रसारण कायदा याचसाठी आहे. पण इंटरनेटवरील आवाज सीमा ओळखत नाही. एक पत्ता बंद केला की दुसरा उघडतो. प्रत्यक्ष हिंसेची चिथावणी असेल तेथे कारवाई हवीच. परंतु ‘धर्माचा अवमान’ अशा सैल शब्दांचे हत्यार सरकारच्या हाती दिले की ते कोणावर चालते, हेही इंडोनेशियाने दाखविले आहे. १९६५ चा धर्मनिंदाविरोधी कायदा रद्द व्हावा म्हणून दाद मागणाऱ्यांत स्वतः गुस दुर होते. निकाल येण्यापूर्वीच, डिसेंबर २००९ मध्ये, ते निवर्तले. एप्रिल २०१० मध्ये घटनान्यायालयाने कायदा कायम ठेवला. २०१२ मध्ये मदुरा बेटावरील सांपांग येथे शियांची वस्ती जाळली गेली, त्याच वर्षी तुरुंगात गेला तो शियांचा धर्मगुरू. जकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे राज्यपाल बासुकी यांच्या भाषणाची काटछाट केलेली चित्रफीत इंटरनेटवर पसरली, लाखोंचे मोर्चे निघाले आणि मे २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे धर्मनिंदेचा कायदा जमावाच्या हातातील काठीच ठरला.

दुसरे उत्तर : इस्लाम आणि सहिष्णुता यांचे सूत जमणेच शक्य नाही, सबब हे सारे प्रयत्न व्यर्थ. हे उत्तर आपल्या बाजूच्या काही उत्साही मंडळींना प्रिय आहे. त्यांना एकच घटना सांगावीशी वाटते. २४ डिसेंबर २००० च्या रात्री पूर्व जावातील मोजोकेर्तो येथे नहदलातुल उलामाच्या युवक दलाचा एक तरुण चर्चच्या रक्षणासाठी पहाऱ्यावर होता. आत सापडलेला बाँब उचलून तो बाहेर धावला आणि त्या स्फोटात गेला. चर्चमधील माणसे वाचली. तो मुसलमान होता आणि मुसलमान म्हणूनच तेथे उभा होता. इस्लाममध्ये सहिष्णुता असूच शकत नाही असे म्हणणारा आणि उतान कायूला पुस्तकातून बाँब पाठविणारा, या दोघांचे मत एकच ठरते. दोघेही त्या तरुणाला मुसलमान मानायला तयार नाहीत. आपण कोणाच्या मताला दुजोरा देत आहोत, याचा विचार बोलण्यापूर्वी करावा.

खरी परीक्षा

मग करायचे काय? उत्तराचा एक धागा स्वतः उलिल यांच्याच पुढील वाटचालीत सापडतो. शरीयतच्या अभ्यासासाठी ते ज्या सौदी अनुदानित जकार्ता महाविद्यालयात गेले होते, तेथेच इस्लाम रक्षक आघाडीचे पुढारी रिझिक शिहाब यांनीही काही काळ धडे घेतले होते. एकाच विद्यालयातून दोन वाटा फुटल्या. २०२० च्या डिसेंबरात सरकारने ती आघाडी बेकायदा ठरविली. उलिल मात्र आजही बोलत आहेत. पुढे ते इमाम गझाली यांच्या ‘इह्या उलुमुद्दीन’ या अभिजात ग्रंथाचे इंटरनेटवरून थेट वाचन आणि विवरण करू लागले. ज्यांना एकेकाळी बंडखोर म्हणून हिणविले गेले, ते परंपरेच्या मध्यभागी बसून आत्मशुद्धीचा ग्रंथ उलगडू लागले आणि श्रोते जमले. तिकडे मार्च २०१९ मध्ये नहदलातुल उलामाच्या विद्वत्सभेने, राष्ट्राचा नागरिक या नात्याने बिगरमुसलमानाला ‘काफिर’ म्हणू नये, असा निर्णय घेतला. सहिष्णुता बाहेरून आणलेल्या कलमाप्रमाणे लावली तर ती पहिल्या वादळात उन्मळते. आपल्या परंपरेच्या मातीतून, आपल्या भाषेत, आपल्या माणसांच्या तोंडून आली तर ती रुजते. परकीय अनुदानावर छापलेल्या पत्रकांना हे कधीच साधले नाही.

म्हणून कोणत्याही धार्मिक प्रसारणापुढे तीन प्रश्न ठेवावेत. आपल्याच धर्मातील दुर्बल पंथावर हल्ला होतो त्या रात्री हा ध्वनिक्षेपक काय बोलतो? विरोधी मताच्या श्रोत्याचा दूरध्वनी तो घेतो काय? आणि परक्यांसमोर जी गोड भाषा वापरतो, तीच घरच्या श्रोत्यांसमोर वापरतो काय? या प्रश्नांतून जो उत्तीर्ण होईल तो सहिष्णू. बाकीच्यांच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो. हे प्रश्न केवळ मुसलमानांना विचारण्याचे नाहीत. आज प्रत्येक धर्माचे प्रवचन खिशातील यंत्रात येऊन बसले आहे. ज्याला दुसऱ्याची परीक्षा घ्यायची आहे, त्याने स्वतः त्या परीक्षेस बसावयास हवे. हिंदू समाजाला यात भिण्याचे कारण असू नये. वादे वादे जायते तत्त्वबोधः ही आपलीच परंपरा आहे.

उदारमतवादी मुसलमानाला परिसंवादात शाल-श्रीफळ देऊन गौरविणारे पुष्कळ असतात. त्याच्या पत्त्यावर पुस्तक येते तेव्हा त्यांतला एकही शेजारी नसतो. त्या दिवशी उतान कायूत हात गमावला तो एका पोलिसाने. शासनाचा एक माणूस तरी तेथे होता. चिकेउसिकमध्ये पोलीस होते, पण शासन नव्हते. सहिष्णुतेच्या स्वराची किंमत एकट्या बोलणाऱ्याने मोजायची की कायद्याने त्याच्या पाठीशी उभे राहून वाटून घ्यायची, यावर त्या देशाचे भवितव्य अवलंबून आहे. आणि जेथे जेथे अनेक धर्म एका छपराखाली नांदतात, अशा प्रत्येक देशाचेही. आपला देश त्याला अपवाद नाही.